मामाच्या गाडीचं पहिलं ऑईल

मला कुणाचाही आवाज काढता येतो. तुळजापूरच्या शाळेत एकदा हेडमास्तरांचा काढला, तर सगळा वर्ग चटकन उभा राहिला. मला वाटलं, काय जमलाय आपल्याला! मागं वळून बघतो तर हेडमास्तर दारातच. एस.टी.चा कंडक्टर, खोकणारा किराणावाला, पेटता पेटता विझणारा स्टोव्ह, सगळं येतं. मॅट्रिकनंतर घरी बसून याशिवाय तू काही शिकला न्हाईस, असं वडील म्हणतात. वडील मास्तर हायत, सगळ्यांचे मार्क त्यांना पाठ.

एकच आवाज काढायला घरात बंदी. अक्काचा.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं लग्न झालं त्याच साली मी ओसरीवरून तिच्या आवाजात हाक मारली, "आई, ऐकलंस का गं?" गंमत म्हणून. आई आतून "आले गं बाई" म्हणत पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. रस्त्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. रागावली असती तर मी पळालो असतो, विषय मिटला असता. ती एवढंच म्हणाली, "परत काढू नको तो आवाज."

अक्काचं सासर आळंदच्या पलीकडं. लग्न झालं तवा आमचं तामलवाडी अन् तिचं गाव एकाच राज्यात, हैदराबादच्या. मधलं सोलापूर तेवढं परमुलुख. मग राज्यांची वाटणी झाली. सोलापूर आपलं झालं अन् अक्काचं गाव परमुलुखात गेलं. रस्ता तोच, पण एस.टी. सरहद्दीला सोडायची अन् पुढं दुसरीची वाट बघत बसायचं. एकटी सून एवढ्या लांब कोण पाठवतंय? अन् आई जायची म्हणावं तर आमच्यात लेकीला मूल होईस्तोवर आई तिच्या घरचं पाणी पीत न्हाई. अक्काला अजून मूलबाळ न्हाई. म्हणजे ही जाईना अन् ती येईना.

तीन येळवसा तशाच गेल्या. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत न्हाई, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी घालायची, सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी अन् ताकातली अंबील खायची, अन् नैवेद्यातलं थोडं रानभर शिंपायचं, त्याला चर म्हणतात. चर शिंपताना अक्का पुढं असायची, मी मागं. ती गेल्यापासून आई येळवसला भज्जी करते अन् स्वतः चाखत न्हाई.

अशात गावातल्याच माझ्या मामांनी मोटार घेतली. नवी कोरी, काळी, तिच्यात बघून भांग पाडावा अशी. बायकांनी काचेवर एवढं हळदी-कुंकू लावलं की डायवर चाचाला रस्ता दिसेना. मामा खाली उतरले अन् आईला म्हणाले, "ताई, या येळवसला भाची तुझ्या रानात असंल. माझी जबान हाय."

आई त्याच दिवशी अक्काची गोधडी उन्हात घालायला लागली.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. गावात ते वाचणारा शहाणा म्हणजे मी. त्यात लिहिलेलं की नवं इंजिन घासून घासून बसतंय, त्याचा कीस ऑईलमध्ये उतरतो, म्हणून पहिलं ऑईल पाचशे मैलांवर काढून टाका. पुढं दर दोन हजार मैलांनी. धुळीचा रस्ता असंल तर त्याच्या आधी. थंडीत पातळ घाला, उन्हाळ्यात घट्ट.

मामा ऐकून उडालेच. "चांगलं ऑईल फेकून द्यायचं? अरे, आमच्या बैलगाडीच्या आसाला आबानं घातलेलं वंगण अजून हाय त्यात! वर घालायचं असतंय, काढायचं कशाला?"

पण गाडी नवी अन् जीव भारी. मामांच्या मनात किडा शिरला तो शिरला. पाव्हण्यारावळ्यांना गाडी दाखवत फिरण्यात पाचशे मैल भरत आले होते, अन् आळंदचा पल्ला लांबचा. पहिलं ऑईल बदलल्याबिगर गाडी तिकडं न्यायची न्हाई, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं तेवढंच. पुढचं ठरंना. पातळ घालायचं का घट्ट?

चाचा पूर्वी लॉरीवर होते. ते म्हणाले, "साब, गाढाच डालो. पातळ तेल मतलब पानी."

मी म्हणालो, "चाचा, पुस्तकात थंडीचं पातळ लिहिलंय."

"किताब लिखनेवाला तामलवाडी का रस्ता देखा क्या?"

मामा दोघांनाही "बराबर हाय" म्हणायचे. सकाळी पातळ. जेवल्यावर घट्ट. दिवेलागणीला "उद्या बघू." मी मामांचा आवाज काढून चाचांना "बराबर हाय" म्हणायचो अन् चाचांचा काढून मामांना "गाढाच डालो." त्यामुळं आणखी दोन दिवस गेले असतील, पण मला काय ठाऊक वेळ एवढा कमी हाय.

शेवटी आई भडकली. "पोळ्याच्या खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला लोणी लावताना कधी एवढा विचार केलास का रे? लेक माझी अडकलीय तुझ्या पातळ-घट्टात!"

मामा हादरले. उद्याच निघायचं ठरलं. सोलापुरात ऑईल घ्यायचं, तिथंच बदलायचं, तसंच पुढं आळंदकडं. रात्री तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी अक्काला घेऊन परत. येळवस सोमवारची. एकदम बेतात बसत होतं.

सकाळी गाडी चालू झाली. आईनं डबा दिला, अक्कासाठी नवं लुगडं दिलं, अन् मागं सरताना एकदम थांबली.

"आज शनिवार हाय."

मामांनी कपाळाला हात लावला. शनिवारी तेल विकत घेत न्हाईत. आमच्या घरात तर शनिवारी तेलाचा बुधला शेजारणीलासुद्धा देत न्हाईत. अन् आम्ही निघालो होतो डबाभर तेल आणून, त्याच तेलावर अक्काला बसवून आणायला.

"ताई, हे काय खायचं तेल न्हवं," मामा म्हणाले, पण आवाजात दम न्हवता.

"तेल ते तेल. इडापिडा माझ्या लेकीवर नको."

"मग उद्या?"

"उद्या रविवार. दुकान बंद. परवा येळवस." हे मी म्हणालो. कधी न्हाई ते स्वतःच्या आवाजात.

आई उंबऱ्यात तशीच उभी. एका हातानं चौकट धरलेली. न्हाई म्हटलं तर लेक येत न्हाई, अन् व्हय म्हटलं तर लेकीवर शनी येतोय. इंजिन चालूच होतं, अन् ते बंद कर असंही कुणी म्हणंना.

चाचांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, हमारे में सनीचर-बिनीचर कुच नै. तेल मैं लेता. डब्बा मेरा, पैसा मेरा, पाप-पुन सब मेरा. साब कू सोमवार के बाद हिसाब देना तो देंगे. तुमने तेल मांगाच नै."

आई चाचांच्या खिडकीजवळ आली. मग म्हणाली, "तुम्हाला तर न्हाई ना काही व्हणार?"

"मेरे कू क्या होता? मेरी तो लॉरी बी दो बार उलटी."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी. "जावा," म्हणाली, अन् आम्ही वळणाला पोचलो तवा मागं बघितलं तर ती घरातल्या तेलाची वाटी घेऊन मारुतीच्या देवळाकडं चालली होती. आगाऊ माफी मागायला.

सोलापुरात मामा दुकानाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं पाठ करून उभे राहिले. तेल बघायचंसुद्धा न्हाई. तरी तिथून ओरडले, "चाचा, दोन्ही घे! पातळ बी अन् घट्ट बी!" ठरवणं त्यांना शेवटपर्यंत जमलं न्हाई. थंडी म्हणून पातळ ओतलं. जुनं ऑईल खाली आलं ते काळं, अन् चाचांनी बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात लोखंडाचा बारीक कीस चमकत होता.

मामा म्हणाले, "मी आधीपासून हेच म्हणत होतो."

दिवस मावळायला आम्ही अक्काच्या दारात. अक्का पळतच बाहेर आली. वाळली होती जरा. गाडीवर हात ठेवला अन् चटका बसल्यासारखा काढला. "किती तापलीय रे! यावं मामा, यावं. ऊटा झालं?"

ऊटा म्हणजे जेवण, तिकडच्या कानडीत. मी ते ऐकलं अन् माझ्या कानाला कसंतरी झालं.

अक्का आमच्यासंगं आली न्हाई. तिला कुणी अडवलं न्हाई. सासूबाईंनी तर स्वतः तिची पेटी काढायला सांगितली. पण सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना भिंत धरून चालावं लागत होतं. तिकडंबी येळवस असतेच. अक्का म्हणाली, "औंदा चर मलाच शिंपायचा हाय, मामा. रान मोकळं कसं ठेवू?"

मामा बाहेर जाऊन गाडीची काच पुसत बसले.

सकाळी निघताना अक्कानं मला बाजूला घेतलं. "माझा आवाज काढतोस का रे अजून?"

"आईनं बंद केलंय."

"आता काढ की. आई कुठं हाय हितं?"

मी काढला. "आई, ऐकलंस का गं?" तसाच, शेवटचा शब्द ओढून.

अक्का म्हणाली, "अशी बोलत होते मी?"

परत येताना मागची बाजू रिकामी होती. मामांनी तिथं मला बसू दिलं न्हाई.

आईनं दारातून गाडीकडं बघितलं अन् आत जाऊन अक्काची गोधडी घडी घालून ठेवली. सोमवारी सगळे रानात गेलो. कोप घातली, जेवणं झाली, मामा झाडाखाली घोरायला लागले. आई माझ्याजवळ येऊन बसली.

"कशी बोलते रे आता ती?"

"बरी बोलते."

"तसं न्हवं. काढ आवाज."

दोन आवाज होते माझ्याजवळ. एक आईच्या ओळखीचा, एक परवाचा. मी परवाचा काढला, जरा कानडीकडं झुकलेला. "आई, ऊटा झालं?"

आई ज्वारीकडं बघत होती. म्हणाली, "झालं गं. तुझं?"

पुढं काय बोलावं मला सुचंना. पहिल्यांदाच.

थोड्या वेळानं तिनं चाचांना विचारलं, "ते दुसरं ऑईल, घट्टाचं, त्याचं काय?"

"उन्हाळे का है, बाई. धूप बढी की पातळ निकालके वो डालना. गाडी थोडी दौडाके, तेल गरम करके निकालना पडता."

"किती दौडवायची?"

"चार-पाच मैल बस."

"आळंदपर्यंत दौडवली तर?"

चाचा एकदा मामांच्या घोरण्याकडं अन् एकदा आईकडं बघून म्हणाले, "खूब गरम होता, बाई. एकदम बढिया."

"मग मी बी येते. घरात शिरायची न्हाई. दारात गाडीतच बसंन अन् बघंन तिला. पाणी माझं माझ्यासंगं."

तो घट्ट ऑईलचा डबा आता आमच्याच घरात हाय, कोनाड्यात. शनिवारी घेतलेला असूनबी. त्याच्या शेजारी आईनं झाकणाचा तांब्या घासून पालथा घालून ठेवलाय. आमच्या भागात उन्हाळ्याची वाट कुणी बघत न्हाई. विहिरी तळ दाखवतात, माणसं करवादतात. मामा म्हणतात, शिमगा होऊ द्या, मग बघू. अन् आई रोज दुपारी अंगणात येते, तळहात उन्हात धरते अन् मला विचारते, "वाढलं का रे कालच्यापेक्षा?"

मी मामांच्या आवाजात म्हणतो, "बराबर हाय, ताई, वाढलं."