हिवतापाचं मी सांगितलं तो दिवस

सातवीतच शाळा सुटलेली मी, बायांसमोर उभी राहून बोलेन असं कुणी म्हटलं असतं तर हसले असते. पण नांदेडच्या आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत आशाताईंनी मला हात धरून उठवलं. "हिला सहाव्या महिन्यात हिवताप झाला होता. आज हीच सांगंल."

माहेर निलंग्याला, इथं माझं असं कुणी नाही. औषध पोटातल्या बाळाला बाधेल म्हणून मी ताप लपवला होता, गोधडी घेऊन पडून होते. आशाताईंनीच रक्त तपासलं, दवाखान्यात नेलं. ते सगळं मी बायांना सांगितलं. गोळ्या पुऱ्या केल्या, मच्छरदाणीत झोपते, पाण्याचा ड्रम आठवड्याला घासून कोरडा करते, तेही सांगितलं.

मागं एक पोटुशी बाई एवढ्या उकाड्यात शाल गुंडाळून बसली होती. "लई शानी झालीस," ती म्हणाली. "गोळ्यांनी लेकराला काही झालं न्हाई कशावरून?"

तेवढ्यात पोटात बाळानं अशी लाथ मारली की मी "अगं आई!" म्हणून ओरडलेच. तशीच तिच्याजवळ गेले आणि तिचा हात माझ्या पोटावर ठेवला. "घे, त्यालाच इचार!"

बाया खदाखदा हसल्या. तिनं मात्र हात तसाच ठेवला. मग दुसरा हात शालीतून काढून तिनं आशाताईंपुढं बोट धरलं. "टोचा ताई. सकाळपासून हुडहुडी भरून राहिली."

आशाताई सुई काढेपर्यंत ते बोट मीच घट्ट धरून ठेवलं.