बंद म्हणजे काय बंद?

"'बंद' म्हणजे शट की ऑफ?" चौकशी अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

अहो, खरंच दोन्ही! दारही बंद होतं, पंखाही बंद होतो.

इथे परदेशात, आंग मो किओ भागातल्या वर्कशॉपमध्ये आम्ही प्रदर्शनासाठी जुन्या पाणबुडीची प्रतिकृती बनवत होतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली, हाताने दांडा फिरवून चालवायची. आत आठ माणसं, वर दोन झाकणं, उजेडाला एक मेणबत्ती. मेणबत्ती विझायला लागली की हवा संपत आली, वर चला. ती बुडाली, आणि माणसं आपापल्या जागी बसलेलीच सापडली.

आमच्या प्रतिकृतीच्या नळकांड्यात लिम अंकल वेल्डिंग करत होते. साठी उलटलेला, हाताला विलक्षण सफाई असलेला माणूस. या वेल्डिंगला आर्गॉन वायू लागतो. त्याला ना वास, ना ठसका. बंदिस्त जागेत साचला तर माणूस गुपचूप जातो. म्हणून ब्लोअर, म्हणजे ताजी हवा आत ढकलणारा पंखा, सतत चालू हवा. आत जायची-यायची परवानगी माझ्या सहीची.

मी वरच्या ऑफिसात होतो. वॉकीटॉकीवर माझी ज्युनिअर सायली बोलली, "सर, क्लायंट शूटिंग करतायत. बंद करू का?"

त्यांना शूटिंगमध्ये मागचं झाकण लावलेलं हवं होतं. मला वाटलं, तेच.

"कर की! त्यात विचारायचं काय?"

तिने ब्लोअर बंद केला. त्याची घरघर शूटिंगमध्ये येत होती. सर हो म्हणाले म्हणजे अंकल बाहेर आले असणार, असं तिने धरलं. अंकलच्या कानात प्लग होते, घरघर थांबल्याचं त्यांना कळलंच नाही.

खाली आलो तर ब्लोअर गप्प. वाकून आत पाहिलं. अंकल दांड्यावर डोकं टेकून बसले होते.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ते गेले.

"म्हणजे स्विच हिने बंद केला," अधिकारी सायलीकडे बघत म्हणाला.

"माझ्या सांगण्यावरून. तसंच लिहा."

त्याने लिहिलं. सायलीचा इथे काम करायचा पास वाचला, माझी नोकरी गेली. ठीकच झालं.

आपण मराठी माणसं कर्म गाळून बोलतो. लावू का? देऊ का? काढू का? समोरच्याने ओळखायचं. शाळेत बाई ओरडायच्या, "वाक्यातलं कर्म कुठे गेलं रे?" मी हसायचो. कर्म माझं!

हल्ली पुंगोलच्या घरी बायको म्हणाली, "बंद करू का?" की मी खेकसतो, "काय?" पंखा असतो, नाहीतर खिडकी. ती आता पूर्ण वाक्य बोलते.

'काय' विचारायला एका श्वासाइतका वेळ लागतो. अंकलना मी तेवढाही दिला नाही.