माशीचा काळा रंग

"श्री. गुणाजी सीताराम घाडी, वय वर्षे एकावन्न, राहणार नाहूर, हे धातुपृष्ठ-संस्करण या विषयातील तज्ज्ञ असून त्यांनी आपल्या निवासस्थानी असलेल्या सुसज्ज प्रयोगशाळेत क्लबच्या शस्त्रसामग्रीचे समाधानकारक नूतनीकरण करून दिले आहे."

मुलुंडच्या एका छोट्या रायफल क्लबच्या १९८६ सालच्या अहवालात हे वाक्य आहे. गुणाजींची इतकी ओळख खुद्द गुणाजींनाही नव्हती.

त्यांची उमेदीची वर्षं गेली गिरणीच्या रंगखात्यात. संपानंतर गिरणी कशीबशी सुरू झाली, रंगखातं झालं नाही. मग भांडुपच्या एका गाळ्यात ते खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या टांगायला आणि उतरवायला लागले. मधे त्या पट्ट्यांवर रंग चढायचा. ते काम गाळ्यातल्या मार्तंडचं.

मुलगी सुलक्षणा कॉलेजातून क्लबात जायची. क्लबची रायफल हवेवर चालणारी, छर्‍याची, आणि तिच्यापेक्षा वयाने मोठी. नेम धरायची पुढची माशी एका अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत बसवलेली होती. नळीचा काळा रंग हाताळून हाताळून उडाला होता, आणि उघडा पडलेला धातू पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात नेमका डोळ्यात चमकायचा. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली.

"माझे बाबा रंगवून देतील," तिने सांगून टाकलं.

क्लबचे सेक्रेटरी विद्याधर कर्णिक यांनी नळी काढून दिली. "बिघडली तर नवीन मिळत नाही, सुलक्षणा. मग ही रायफल बंद, आणि तुझं नेम धरणंही बंद. बघ बाई."

गाळ्याच्या मालकाने बंदूक हा शब्द ऐकताच शटर अर्धं खाली ओढलं. म्हणून काम घरी आलं. मोरीत प्लॅस्टिकची बालदी, तिच्यात पाणी घालून पातळ केलेलं अ‍ॅसिड, शेजारच्या टॅक्सीवाल्याची बॅटरी. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धातूवरची जुनी कातडी निघाली, अ‍ॅसिडात बॅटरी जोडून नवी चढली. इथवर गुणाजींनी गाळ्यात रोज पाहिलं होतं. राहिला रंग, आणि रंगाच्या बाबतीत कुणाला विचारावं असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं. त्यांनी काळा रंग टोपात कालवला, स्टो पेटवला आणि चांगली खळखळून उकळी आणली. गिरणीत कच्चा रंग पक्का व्हायचा तो उकळीनेच.

"माझ्या टोपात काय शिजयतास ता?" त्यांच्या बायकोने, जानकीने विचारलं.

"माशी," सुलक्षणा म्हणाली.

नळी बाहेर आली ती कच्च्या जांभळाच्या रंगाची. गुणाजींनी आणखी उकळलं. काही फरक पडला नाही. सुलक्षणा नळीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाळ्यात मार्तंडला सांगितलं. मार्तंडने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"ते कापड नाय रे. त्याच्या कातडीला बारीक भोकं असतात, त्यातून रंग आत जातो. उकळलंस की भोकं मिटली. आधी कोमट पाण्यात रंग पिऊ दे, मग उकळ."

"हे आधी सांगायचं ना."

"घरी बंदुका रंगवतोस, हे तू आधी सांगायचं ना." मग तो जरा हळू बोलला. "एकदाच करता येईल आता. सोड्यात घातलं की अंग झिजतं. तिसऱ्यांदा आटे धरणार नाहीत, नळी डुलेल."

त्या संध्याकाळी जांभळी कातडी काढून, नवी चढवून गुणाजी पुन्हा स्टोपाशी बसले. चुकणं सोपं होतं; हात आपोआप पंपाकडे जात होता. जे हाताने इतकी वर्षं शिकलं, ते त्याला एका संध्याकाळपुरतं विसरायला सांगणं म्हणजे जुन्या नोकराला आज येऊ नकोस म्हणण्यासारखं. तो येतोच.

"बाबा, उकळी नको."

"माका म्हायत हा," असं म्हणत त्यांनी पुढे नेलेला हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. टोपातून नुसती वाफ येत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी चिमट्याने नळी वर काढली. काळी होती. चमक नव्हती, काजळासारखी काळी. मग भोकं मिटवायला नळी साध्या पाण्यात टाकून त्यांनी मनसोक्त उकळी आणली.

कर्णिकांनी नळी रायफलीवर चढवली, हलवून पाहिली. थोडी सैल वाटली, पण बसली. "कुठून करून आणलंस?" त्यांनी विचारलं. सुलक्षणाने घर म्हणायच्या ऐवजी "बाबांची लॅब" म्हटलं.

रायफल तिच्याकडे राहिली. निवडीत तिघींना घेतलं, ती चौथी आली. घरी येऊन तिने चपला काढल्या.

"ऊन लागलं का गं डोळ्यात?" गुणाजींनी विचारलं.

"नाही. माशी स्वच्छ दिसत होती. चुकले ती मीच."

गुणाजींनी मान हलवली. ते म्हणाले, "मग ठीक."

अहवालातली ती क्लबची शस्त्रसामग्री, म्हणजे ती एक नळी, जाताना आणि येताना जानकीच्या मिसरीच्या डबीतून गेली होती. डबीत अजून जागा होती.