बहिणीचा नावाडी

लिफ्टदुरुस्ती करणारा दादा दर शनिवारी दुपारी घरी साहसाचा खेळ चालवायचा. तो गोष्ट सांगायचा, बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करायचं ते ठरवायचे आणि जमलं की फसलं, ते फासे सांगायचे. मागच्या शनिवारी त्याचा घसा बसला, म्हणून धाकट्या बहिणीने खेळ चालवला. तेव्हापासून शेजारच्या शिंपीणबाई आणि मेहुणा तिच्या नावाड्याचंच कौतुक करत होते. दादाने खेळासाठी लिहून ठेवलेल्या चाळीस पानांत त्या नावाड्याला जेमतेम एक ओळ होती.

"एवढं काय केलंस गं त्याचं?" त्याने सहजच विचारल्यासारखं केलं.

"काही नाही रे. या दोघांनी त्याला घरचं विचारलं, मी सांगत बसले."

दादाच्या पोटात दुखलं. या शनिवारी त्याने पहिल्याच वाक्यात नाव उलटवून नावाडी बुडवला आणि आपण आखलेल्या तळघराचा नकाशा पुढे सरकवला.

"अहो, माणूस बुडतोय आणि नकाशे कसले दाखवताय?" शिंपीणबाई कडाडल्या. "मी उडी मारते!"

"मीपण!" मेहुण्याने फासे टाकले. सहा आले. नावाडी वाचला.

"काय म्हणतो तो?" शिंपीणबाईंनी विचारलं.

दादाकडे त्याचं पान नव्हतं. बहिणीने तोंड उघडलं.

"तू गप्प बस, आज मी चालवतोय," तो खेकसला. मग नावाड्यासारखा खोकत म्हणाला, "मला मुद्दाम बुडवलं. कुणी, तेही मला ठाऊक आहे."

सगळे पुढे सरसावले. नकाशा कुणाच्या तरी कोपराखाली चुरगळला.