अक्षतीचा जिना

बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे जोशी पतीपत्नी धापा टाकत उभे. मुलाच्या लग्नाची अक्षत द्यायला आले होते. काकूंनी हातावर तांदूळ ठेवले, काका घाम पुसत म्हणाले, "यायचं बरं का, सगळ्यांनी!" मी हो म्हटलं खरं, पण मान वर होईना.

माझ्या मुलीच्या लग्नात मी हुशारी केली होती. एक बटण दाबलं आणि गावभर ईमेल! मुलगी म्हणाली, "बाबा, बापूकाकांकडे तरी जाऊन या." मी म्हटलं, "अगं, जग कुठे चाललंय!" जग कुठेही जावो, माझा शाळेपासूनचा मित्र बापू लग्नाला आला नाही. माझं आग्रहाचं निमंत्रण त्याच्या स्पॅममध्ये पडून होतं, लॉटरी आणि टकलावरच्या तेलाच्या मधोमध.

भाचा सांगतो, स्पॅमवर एक उपाय आहे. प्रत्येक ईमेल पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या संगणकाला किचकट गणित घालायचं. एखादं पाठवणाऱ्याला ते जाणवतही नाही, लाखो पाठवणारा मात्र थकतो. आपल्याकडे हे गणित जिने घालत होते की!

मुलीच्या लग्नानंतर पेढे घेऊन बापूचे चार मजले चढलो. तो म्हणाला, "आज चढलास होय? त्या दिवशी चढला असतास, तर वरातीत नाचलो असतो, गाढवा." पेढा त्याने घेतला, पण खाल्ला नाही.

जोशीकाकांच्या चपला आता वरच्या जिन्यावर वाजत होत्या. मी अक्षता मुठीत धरून ऐकत राहिलो.