तुम्ही बसा, मी आलेच

स्पॅनिश जेवणाचं आमंत्रण आलं तेव्हाच माझं डोकं सटकलं होतं. फोनवरच्या आमच्या ग्रुपमध्ये मेसेज पडला: ‘संडेला माझ्याकडे स्पॅनिश लंच, प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी वाइन. कोणीही काहीही आणू नका. आणि लवकर घरी जायचं प्लॅनिंग करू नका.’ त्याखाली पहिलं लाल हार्ट टाकलं ते माझ्या मैत्रिणीने. माझ्या मेसेजला ती हल्ली दुसऱ्या दिवशी नुसता अंगठा पाठवायची.

ही मैत्रीण साधीसुधी नव्हे. आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात इंग्लंडात मिल्टन कीन्सला आलो, मी रत्नागिरीकडची, ती नागपूरची, नवरे एकाच ऑफिसात. इथले राउंडअबाउट गाडीने कसे घ्यायचे हे आम्ही एकमेकींच्या शेजारी बसून, एकमेकींवर ओरडत शिकलो. तिच्या बाळंतपणात तिच्या आईचा व्हिसा आला नाही, तेव्हा डिंकाचे लाडू मी केले. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते. आणि रविवारची जेवणं कायम माझ्याकडे. सगळ्यांना ठाऊक होतं, माझ्याकडे पोळी तव्यावरून थेट ताटात येते.

हे आमंत्रण देणाऱ्या यजमानीणबाई त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुंबईहून आल्या. मी त्यांना मनातल्या मनात यजमानीणबाईच म्हणते. तोंडावर अर्थात अगं-तुगं. फायनान्समधली मोठी नोकरी, पांढऱ्या पँटी घालून वावरायचं धाडस, आणि वाइनचा कुठलासा रीतसर कोर्स केलेला. वर्षभरात रविवार त्यांच्या बागेत सरकले. माझ्याकडे लोक जेवायचे, पोटावर हात फिरवत वाहवा करायचे आणि ऊन असतानाच घरी जायचे. त्यांच्याकडे लोक बसून राहायचे. सरळच सांगते, मला हेवा वाटत होता. त्यांच्या स्वयंपाकाचा नाही, तो काही हेवा करण्यासारखा नव्हताच. माझी मैत्रीण हळूहळू त्यांची होत चालली होती, त्याचा.

जूनमधला स्वच्छ दिवस होता. बागेत लांब टेबल, त्यावर निळ्या काठाच्या थाळ्या, आणि प्रत्येकापुढे इतके ग्लास की पाणी कशातून प्यायचं कळेना. नवरा म्हणाला, “गाडी मी चालवतो, तू मजा कर.” मी मजा करायला आलेच नव्हते, मी तपासायला आले होते.

आधी आले खारे बदाम आणि ऑलिव्ह. बस, एवढंच. माझ्याकडे एवढ्यात कोशिंबीर, दोन चटण्या आणि वरणभाताची मूद ताटात पडलेली असते. यजमानीणबाईंनी शेरी नावाची फिकट पिवळी, गारेगार स्पॅनिश वाइन ओतली आणि आमच्याबरोबर खुर्चीवर बसल्या. यजमानीण चक्क बसली! “आधी बदाम चावायचा, मग छोटा घोट, मग परत बदाम. अजिबात घाई नाही,” त्या म्हणाल्या.

मैत्रिणीने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि एकदम खुलली. “अगं, आंबोळीच्या पिठाचा वास येतोय! रात्रभर आंबवलेल्या!”

“एक्झॅक्टली!” यजमानीणबाई टाळी वाजवून म्हणाल्या. “यीस्ट आहे ते. काय मस्त नोज आहे गं तुझं!”

आता या नागपूरच्या बाईला आंबोळीचं पीठ कोणी दाखवलं? मी. माझ्या ओट्यापाशी, माझ्या पातेल्याचं झाकण उघडून. माझ्या पिठाच्या वासावर दुसरीची वाइन मोठी झाली आणि कौतुक दोघींनी आपसात वाटून घेतलं. मी तीन बदाम एकदम तोंडात टाकले.

मग लसूण आणि तिखट घातलेल्या तेलात कोळंबी आली, तिच्याबरोबर स्पेनच्या समुद्राकडची पांढरी वाइन. मग छोट्या हिरव्या मिरच्या तळून त्यावर खडे मीठ. माझ्याकडे मिरच्या तळून नुसतं मीठ टाकून पुढे केल्या असत्या तर लोकांनी विचारलं असतं, बरं नाहीये का तुला? इथे सगळे देठ धरून धरून चाखत होते. बटाट्याचं जाड ऑम्लेट तर गारच होतं आणि गारच खायचं असतं म्हणे. कशाबरोबर काय खावं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्या ताटाची डावी बाजू, उजवी बाजू लहानपणापासून ठरलेली आहे. पण ती कोळंबी आणि त्यावरचा तो आंबटसर घोट, खोटं कशाला बोलू, जमलं होतं. त्यामुळे तर मी आणखीच चिडले.

दोनदा मी ताटल्या गोळा करायला उठले. दोनदा यजमानीणबाई म्हणाल्या, “अगं बस ना, राहू दे तिथेच.” मला बसता येत नव्हतं. रिकामी ताटली समोर दिसली की माझे हात शिवशिवतात. सगळे बोलत होते, खूप बोलत होते आणि त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. मैत्रिणीच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं सगळ्यांना माहीत. तिच्या लेकीने गणित सोडलेलं सगळ्यांना माहीत. एकजण तिला म्हणाला, “मग तो गार्डनवाला फ्लॅट फायनल?” ती हसून मान हलवत म्हणाली, “फिंगर्स क्रॉस्ड.” मला वाटलं, गुंतवणुकीसाठी घेत असतील. विचारण्यात अपमान वाटला. मी कोकराच्या फासळ्यांबरोबर आलेली लालभडक रिओहा वाइन घोटाघोटाने पीत बसले आणि मनात म्हटलं, ही बाई पोळीसुद्धा लाटत नाही आणि सगळ्यांच्या पोटातलं काढून घेते.

शेवटी व्हॅनिला आइस्क्रीम आलं. यजमानीणबाईंनी त्यावर काकवीसारखी काळी, दाट शेरी ओतली आणि उरलेली छोट्या ग्लासांत भरली. “ही आज मुद्दाम ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “जुन्या काळी शेरी इंग्लंडात यायची ती ब्रिस्टलच्या बंदरात. सो, टू ब्रिस्टल!”

“टू ब्रिस्टल!” सगळे ओरडले. मीही ग्लास उंचावला. मग विचारलं, “ब्रिस्टल का?”

सगळ्यांचे ग्लास खाली आले. मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली.

“अगं, आम्ही चाललोय ना,” ती म्हणाली. “ऑगस्टमध्ये. मला तिकडे जॉब लागलाय.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आइस्क्रीमकडे बघत होता. “मला वाटलं तुला माहितीये,” तो पुटपुटला.

आता माझा तोल गेला. वाइनमुळे गेला असं म्हणायची सोय आहे, पण तो बदामापासूनच जायला निघाला होता. मी म्हटलं, “छान. मला शेवटी कळणार. हल्ली सगळं हिच्या टेबलावर ठरतं. आमच्याकडे काय, यायचं, गिळायचं आणि जायचं.”

“हिच्या टेबलावर नाही,” मैत्रीण म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, हे जास्त वाईट. “तुझ्याच टेबलावर सांगितलं मी. पाडव्याला. मुद्दाम तुझ्याकडे सांगायचं म्हणून थांबले होते. सगळ्यांनी काँग्रॅट्स केलं, आरडाओरडा झाला. तू आतून पुरणपोळी घेऊन आलीस, माझ्या ताटात टाकलीस, वर तूप ओतलंस आणि म्हणालीस, गरम आहे तोवर खा. आणि परत आत गेलीस.”

मला ती पुरणपोळी आठवत होती. छान फुगलेली, काठापर्यंत पुरण गेलेली, म्हणून तिच्यासाठी निवडलेली. आरडाओरडा आठवत नव्हता. शेगडीवरचा पंखा घोंघावत असतो, तव्यावर पुढची पोळी असते.

“मला वाटलं, तू ऐकलंस आणि तुला काही बोलायचंच नाहीये,” ती म्हणाली. “मी गाडीत रडले गं. मला वाटलं होतं तू म्हणशील, जाऊ नकोस. किंवा निदान भांडशील. त्यानंतर तुझे मेसेज यायचे, संडेला अळूवडी करतेय, ये. काय लिहिणार होते मी त्याला? अंगठा पाठवायचे.”

“मी आलेच म्हणाले होते,” मी म्हटलं. यात काय सांगायचं होतं मला, देव जाणे.

“तू नेहमीच म्हणतेस,” ती म्हणाली. “तुम्ही बसा, मी आलेच. आणि येतेस तेव्हा आम्ही हात धुतलेले असतात.”

यजमानीणबाई उठल्या. “मी कॉफी टाकते,” म्हणाल्या, नवरे मंडळींना ग्लास आत न्यायला लावलं आणि स्वतः आतच राहिल्या. नळाचा आवाज येत होता. कधी बसायचं हे त्यांना कळतं तसं कधी उठायचं हेही कळतं, याचाही मला रागच आला. माझ्यासमोर सहा-सात वाडग्या पडल्या होत्या, तळाशी काळी शेरी आणि विरघळलेलं आइस्क्रीम. त्यांच्यावर माशी बसली. मी हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हटलं, “जाऊ नकोस.”

ती हसली, मग रडली, मग म्हणाली, “आता काय उपयोग, फ्लॅटची ऑफर दिली आम्ही.” मग मी भांडले. पोटभर भांडले. कॉफी यायला इतका उशीर झाला की ती आत नक्की दोनदा केली असणार.

जायच्या आदल्या रविवारी मी तिला एकटीला बोलावलं. पोळ्या सकाळीच करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या होत्या. सुरमई तळून ठेवली होती, सोलकढी जगमध्ये काढली होती आणि सगळं एकदमच टेबलावर मांडून मी तिच्यासमोर बसले. पहिला घास मी तिच्याबरोबर घेतला. तिने पोळी मोडली आणि म्हणाली, “कडक झालीये गं.”  फार लागलं, पण मी उठून तवा तापवला नाही. तिने आणखी दोन खाल्ल्या. लेकीच्या नव्या शाळेबद्दल बोलली, नव्या बॉसला घाबरल्याबद्दल बोलली, आईविना झालेल्या बाळंतपणाबद्दल बोलली, जे मला वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे. सुरमई गार झाली, ताटं सुकली, आणि ती बसून राहिली.

निघताना दारात तिने माझी किल्ली पर्समधून काढली, बघितली आणि परत आत टाकली.

“ब्रिस्टलला पहिल्यांदा याल ना,” ती म्हणाली, “तेव्हा आपल्या शेरीवालीलाही घेऊन ये. एकाच गाडीत या दोघी.”

मी म्हटलं, “बघू.”