प्लेगची घंटा

माझ्या गळ्यात घंटा बांधली गेली ती आठवीत. सौदीतल्या दम्माममधलं इंडियन स्कूल, मुलींचा विभाग. चाळीस मुलींसमोर.

सोशल सायन्सच्या मॅम मध्ययुगीन युरोप शिकवत होत्या. फळ्यावर पिरॅमिड काढला होता. वर राजा, मग सरदार, मग नाइट, तळाला भूदास. शाळेच्या प्रदर्शनात आमच्या वर्गाला हाच विषय होता आणि भूमिका वाटायच्या होत्या. टेबलावर आमच्या वडिलांच्या इकाम्यांच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यांच्या, झेरॉक्सचा गठ्ठा पडला होता. दरवर्षी प्रत्येकीला एक झेरॉक्स शाळेत द्यावी लागे. तो गठ्ठा बघून मॅमना गंमत सुचली.

"त्या काळी बाप जो, तीच लेक. तुमच्या भूमिकाही तशाच देऊया."

इकाम्यावर हुद्दा अरबीत असतो. मॅमना अरबी येत नव्हतं, म्हणून मॉनिटर वाचत होती. मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर. त्याची मुलगी नाइट. डॉक्टरची मुलगी बिशप. मॅनेजरची मुलगी राणी. मग माझा कागद आला.

"आमिल," मॉनिटर म्हणाली.

हा शब्द सगळ्यांना माहीत होता. आमिल म्हणजे मजूर. रस्ता खोदणारा, ओझी उचलणारा. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, इसके अब्बू तो टाय लगाते हैं!"

मॅम माझ्याकडे बघत राहिल्या. त्या पुण्याच्या. शिकवायच्या इंग्रजीत, पण टोमणा मराठीत मारायच्या. वर्गात तो फक्त मला कळायचा.

"काय गं, खोटं कोण बोलतंय? टाय की इकामा?"

उत्तर मला माहीत होतं. अब्बा एका ट्रेडिंग कंपनीत खरेदीचं काम बघत. जहाजाने येणाऱ्या मालाची सगळी इंग्रजी पत्रं तेच लिहीत. पण ते सौदीकरणाचे दिवस होते. अशा जागा सौदी माणसांसाठी राखल्या जात होत्या. त्यांचा देश, त्यांची मुलं, मला त्यात गैर वाटलं नाही. कंपनीने मात्र सौदी माणूस घेतला नाही. अब्बांचा हुद्दा तेवढा बदलला. काम तेच, कागदावर आमिल. अब्बांनी सही केली. तेव्हापासून गाडीच्या डिकीत एक नारिंगी जाकीट असे. तपासणीला माणसं आली की टाय खिशात आणि जाकीट अंगात. मग अब्बा गोदामात खोकी उचलत उभे. पकडले गेले तर थेट गावी, खेडला परत. आम्ही सगळेच.

दुसऱ्या मजल्यावरचे काका असेच पकडले गेले होते. कुणी सांगितलं, कुणालाच कळलं नाही. त्यानंतर इमारतीत ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या या दारातून त्या दारात जाईनाशा झाल्या. अम्मी दार उघडायच्या आधी भोकातून बघे. आणि आम्हाला एकच ताकीद, बाहेर काही बोलायचं नाही.

मागून ओरडणारी माझी मैत्रीण होती का? मी वळून बघितलं नाही.

"आमिलच आहेत, मॅम," मी म्हणाले. "टाय लग्नाला लावला होता."

वर्ग हसला. मॅमही हसल्या. "भूदास पुष्कळ झाले. तू प्लेगची रोगी हो." आणि कपाटातली पितळी घंटा सुतळीला ओवून त्यांनी माझ्या गळ्यात घातली. वाजली की लोकांनी बाजूला व्हायचं.

घरी सगळं सांगितलं. अब्बांनी गळ्यातला टाय सोडला. मग म्हणाले, "बरं केलंस." ते दोन शब्द मला घंटेपेक्षा जास्त लागले. अम्मीने गोणपाटाचा झगा शिवायला घेतला.

मी लायब्ररीत जाऊन वाचलं. ती घंटा महारोग्यांची होती, प्लेगच्या रोग्यांची नव्हे. प्लेगने बिशप नेले, सरदार नेले. पण कुणी उंदरांकडे बघितलं नाही. लोक म्हणाले, परक्यांनी विहिरीत विष कालवलं. शेजाऱ्यांनी शेजारी दाखवून दिले, जिवंत जाळले. मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या मजल्यावरचं बंद दार आठवलं.

प्रदर्शनाला सगळ्यांच्या आया आल्या. पाहुण्या म्हणून तेल कंपनीतल्या बड्या साहेबांच्या बेगम. मॅम मला दाखवून म्हणाल्या, हे घाणेरडे लोक, यांनीच रोग आणला. बेगमने दुपट्टा नाकाला लावला. "दूर रहो भई, दूर रहो!" बायका खळखळून हसल्या. अम्मी मागे उभी होती. ती स्वतः शिवलेल्या गोणपाटाकडे बघत होती.

मी घंटा मुठीत दाबून धरली.

"वाजव," मॅम म्हणाल्या.

"मॅम, ही घंटा महारोग्यांची. प्लेग बिशपलाही झाला. आणि तो या लोकांनी आणला नव्हता." घंटा काढून मी राणीच्या पायाशी ठेवली.

मॅम वाकून हळूच मराठीत म्हणाल्या, "उद्या वडिलांना पाठव. विचारते, नक्की करतात तरी काय."

ती धमकी होती की नुसता राग, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलींच्या विभागात पुरुषांना प्रवेश नव्हता. दुसऱ्या दिवशी अब्बा गेटवर, वॉचमनच्या खिडकीशी उभे होते; खिडकीच्या आत मॅम आणि मी. अंगात नारिंगी जाकीट. हाताला मुद्दाम चोळलेलं ग्रीस. देशोदेशी इंग्रजी पत्रं लिहिणारा माणूस मॅमना म्हणाला, "मॅडम, बच्ची है. माफी दे दो."

"मोठ्यांशी बोलायला शिकवा तिला," मॅम म्हणाल्या.

"जी."

घंटा मी काढली होती. जाकीट अब्बांनी माझ्यासाठी घातलं होतं. मी गप्प उभी राहिले. ते गप्प राहणं आजही माझ्या नावावर आहे.

आता मी रियाधला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. गेल्या आठवड्यात माझी जागाही सौदींसाठी राखली गेली आणि मोबाईलवर हुद्दाबदलाचा अर्ज माझ्या मंजुरीसाठी आला. नवा हुद्दा अरबीत होता. शाळेतलं अरबी मला पुरतं. सफाई कामगार. एचआरचा माणूस म्हणाला, "सिर्फ पेपर पे है, सिस्टर. सब करते हैं."

सफाईची मला लाज नाही. ऑफिस झाडणारी नेपाळी बाई तिच्या कामाच्या नावाने जगते. मला माझं काम करून तिच्या नावाआड लपायला सांगितलं जात होतं.

खेडला फोन केला. अब्बा आता थकलेत. म्हणाले, "मंजूर कर, बेटा. मी केलंच ना."

"म्हणूनच नाही करणार, अब्बा."



पडद्यावर दोन बटणं होती. मी नामंजूर दाबलं. नोकरी जाईल, इकामाही जाईल, मला माहीत आहे. एचआरचा फोन येईल. तो मी उचलणार आहे, आणि या वेळी टाय कुणाच्या तरी लग्नाला लावला होता असं खोटं सांगणार नाही.